जुनी मारुती ८०० आयडलला (उभी, इंजिन चालू असताना) थरथरते, मिसिंग मारते. सुरुवात कुठून करू?

वावरवाला | ४ जून, रात्री ९.४०

राम राम मंडळी. गाडी मारुती ८००, १९९८ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली, पेट्रोलवर, कुठलंही गॅस किट नाही. मुक्काम दारव्हा तालुक्यातलं खेडं. बाबांनी हौसेनं घेतलेली गाडी आहे, त्यामुळे विकायचा विषय नाही, हे आधीच सांगतो.

दुखणं असं. सकाळी चोक ओढून लगेच स्टार्ट होते आणि पहिली काही मिनिटं ठीक चालते. गरम झाली, चोक आत ढकलला की आयडलला थरथर सुरू. स्टिअरिंग, आरसा, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळे हलतात. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर फुसफुस एकसारखी येत नाही, मधला एक ठोका गाळते, म्हणजेच मिसिंग. रेस दिली की बऱ्यापैकी साफ होते. रस्त्यावर ४०-५० च्या स्पीडला काही कळतही नाही. चौकात थांबलो की मात्र बंद.

तालुक्याच्या गॅरेजात तिन्ही प्लग नवे टाकले, कार्बोरेटर खोलून धुतला आणि शेवटी आयडलचा स्क्रू पिळून आयडल वाढवून दिलं. आता बंद पडत नाही, पण थरथर तशीच आणि गिअर टाकताना खाडकन आवाज. मिस्त्री म्हणतो इंजिनकाम करावं लागेल, रिंग-पिस्टन सगळं. पेरणी तोंडावर आहे. बियाण्याचे आणि खताचे पैसे बाजूला काढलेत, त्यात हात घालायचा नाही. घरच्या घरी काय काय तपासता येईल?

पुण्यातला वऱ्हाडी | ४ जून, रात्री १०.०५

भाऊ, २० वर्षांच्या पुढच्या गाडीची आरसी रिन्यू करायची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झाली आहे. त्यात दुरुस्ती. भंगारात द्या आणि सेकंडहँड ऑल्टो घ्या.

वावरवाला | ४ जून, रात्री १०.११

विकायचा विषय नाही असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की हो.

तेलकट हात | ४ जून, रात्री १०.५२

भाऊ, रिंग-पिस्टनचं नाव आत्ताच काहाले काढता? निळा धूर मारते का? तेल पिते का? तुमच्या लिहिन्यात तं कुठं दिसलं नाई. मंग इंजिन खोलायची घाई नोको.

तीन सिलिंडरची गाडी हाय. यक जरी बसला (कामच करत नाई) तं तिसरा हिस्सा ताकद गेली, थे लपून राहत नाई. पयले कोनता बसला थे पाहा. गाडी चांगली गरम करा, आयडलवर सोडा, रबरी मुठीची पक्कड घ्या, हातात कोरडा मोजा घाला, आन डेल्कोतून (प्लगाईले करंट वाटनारी डबी) प्लगवर जानारी यक यक वायर प्लगवरून काढून पाहा. काढल्यावर गाडी अजून लंगडली तं थो सिलिंडर इमानदार हाय. काढूनही आवाजात काहीच फरक नाई तं थोच कामचुकार.

काढलेली वायर हवेत लोंबती ठेवू नका. यखादा जुना प्लग तिच्यात खुपसा आन त्याचं लोखंड इंजिनले टेकवून ठेवा. नाई तं करंट भलतीकडे रस्ता शोधते, कॉइल नाई तं डेल्को कॅप फोडते. आन घरात कोनाले पेसमेकर असन तं त्याले बोनटपाशी उभं करू नका. हे गमतीत नाई सांगत.

मिस्त्रीनं आयडल वाढवून देलं ना, थो इलाज नाई, पांघरून हाय. तपासाच्या आंधी थो स्क्रू मांगं घ्या, गाडी जेमतेम चालू राहीन येवढा. लंगडी गाडी पयवत ठेवली तं लंगडनं दिसतच नाई.

सौदामिनी | ५ जून, सकाळी ७.१५

अमरावतीला पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाईल शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते.

वावरवाला, तुमच्या लिखाणातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात. चोक ओढलेला असतो तोवर गाडी ठीक, चोक आत गेला की थरथर. गॅरेजात कुणी हे विचारलं होतं का?

चोक ओढला म्हणजे कार्बोरेटरची हवा अडवली, मिश्रणात पेट्रोल वाढलं. पेट्रोल वाढल्यावर इंजिन शांत होत असेल तर एरवी त्याला पेट्रोल कमी पडतंय, किंवा कुठून तरी हिशोबाबाहेरची हवा आत शिरतेय. याची खात्री करा. गाडी पूर्ण गरम असताना, थरथर चालू असताना, चोकची मूठ अगदी बोटभर बाहेर ओढा. थरथर कमी झाली तर मिश्रण पातळ आहे. उलट वाढली, काळा धूर आला, तर पेट्रोलची बाजू ठीक आहे आणि करंट किंवा कम्प्रेशनकडे (सिलिंडरमधल्या दाबाकडे) बघायचं. पैसा लागत नाही, पाना लागत नाही.

दुसरी खूण म्हणजे मिसिंग केव्हा होतं. प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला सिलिंडरमधला दाब जितका जास्त तितका जास्त व्होल्टेज लागतो. त्यामुळे प्लग, वायर, डेल्को कॅप, रोटर यांचं दुखणं सहसा चढावर, भरल्या गाडीत, एकदम रेस दाबल्यावर बाहेर येतं. तुमचं उलट आहे, लोडवर साफ आणि आयडलला खराब. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळीत) खूप व्हॅक्यूम असतो आणि इंजिन हवा घेतंच थोडी. तेवढ्यात एखाद्या भेगेतून जादा हवा शिरली की मिश्रणाचं गणित बिघडतं. रेस दिल्यावर इंजिन इतकी हवा ओढतं की त्या भेगेचा वाटा नगण्य होतो, म्हणून गाडी साफ झाल्यासारखी वाटते.

आयडलला खराब आणि रेसला साफ असण्याची आणखी दोन कारणं आहेत. एक, कार्बोरेटरचा स्लो जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबलेला किंवा त्याचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) मेलेला. इग्निशन ऑन केल्यावर कार्बोरेटरपाशी कान द्या, टक आवाज यायला हवा. दुसरं, टॅपेट घट्ट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागात फट कमी. पण जेट आणि सोलेनॉइड तिन्ही सिलिंडरना सामायिक आहेत. एकच सिलिंडर बसलेला निघाला तर त्यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. म्हणून तेलकट हात म्हणतात ती चाचणी आधी करा.

चांदा ४७ | ५ जून, दुपारी १.३०

आमच्याकडे चंद्रपुरात मे महिन्यात वेगळीच तऱ्हा. गाडी धावते छान, पण बाजारात पंधरा मिनिटं उन्हात उभी केली की परत स्टार्टच होत नाही, झाली तर थरथरत होते आणि पेट्रोलचा वास सुटतो. इंजिनच्या उष्णतेनं कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरतं, आणि पंपात, लाइनमध्ये वाफ अडकते. ८०० चा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला, त्यामुळे तोही शेकतो. पंपावर ओलं फडकं टाकायचं, बोनट उघडं ठेवायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारायचा. मधे मधे ॲक्सिलरेटर दाबायचा-सोडायचा नाही, नाहीतर आणखी पेट्रोल ओतलं जातं.

वावरवाल्यांची केस ही नाही, ते कळतंय. पण कुणी उन्हाळ्यात हा धागा शोधत आलं तर असू द्यावं म्हणून लिहिलं.

संत्र्याचा मळा | ५ जून, संध्याकाळी ६.२०

कशाला एवढी डोकेफोड? सगळा दोष ई२० चा (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा) आहे. वरुडला माझी ओम्नी आहे, पूर्वी घड्याळासारखी चालायची. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं आणि आयडलची वाट लागली. जुन्या गाडीवाल्यांना कुणी वाली नाही.

सौदामिनी | ५ जून, रात्री ८.४५

दोष आहे, पण सगळा नाही. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जळायला हवा कमी लागते. निव्वळ पेट्रोलला एका किलोमागे साधारण १४.७ किलो हवा, इथेनॉलला ९ च्या आसपास, आणि २० टक्के मिसळलेल्या इंधनाला साडेतेराच्या घरात. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटचं भोक मात्र जेवढं होतं तेवढंच, म्हणून मिश्रण थोडं पातळ होतं. पूर्वी एखादी बारीक गळती खपून जायची, ती आता अंगावर येते. रबरी नळ्या आणि डायफ्राम जुने असतील तर तेही इथेनॉलनं लवकर खराब होतात.

पण ई२० तिन्ही सिलिंडरमध्ये सारखंच जातं, त्यानं एकच सिलिंडर बसणार नाही. तेवढं ध्यानात ठेवा.

पेट्रोलमध्ये पाणी असल्याची शंका असेल तर ती तपासता येते. गाडी महिनोन्महिने उभी असेल, किंवा पेट्रोल गावच्या दुकानातून बाटलीत घेतलेलं असेल, तर टाकीतलं थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. इथेनॉल पाणी धरतं आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की ते दोघं मिळून तळाशी वेगळा थर करतात. सकाळी थर दिसला तर टाकी रिकामी करण्यावाचून गत्यंतर नाही.

संत्र्याचा मळा | ५ जून, रात्री ९.०२

थर पाहिला नाही कधी. पाहतो उद्या.

वावरवाला | ७ जून, रात्री ८.३०

काल पाऊस होता म्हणून आज केलं. अहवाल देतो.

आयडल मागे घेऊन वायर काढून पाहिल्या. एक नंबर, म्हणजे टायमिंग बेल्टकडचा, काढला तर गाडी बंद पडायला आली. दोन नंबरचं तेच. तीन नंबर काढला तर काहीच नाही. आई ओट्यावरून म्हणाली, काढला का अजून? इतका फरक नव्हता.

मग तीन आणि एकचे प्लग अदलाबदल केले. दुखणं तीन नंबरवरच. दोन्हीच्या वायरची अदलाबदल केली (दोन नंबरची आखूड होती, पोचली नाही), तरी तीनच. म्हणजे प्लग आणि वायर सुटले. तीनचा प्लग पांढरट दिसतो, बाकी दोघांचे विटकरी-भुरे. डेल्को कॅप आतून पुसली, तडा दिसला नाही. अंधारात बोनट उघडून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला, कुठेही निळी ठिणगी पळताना दिसली नाही.

आणि सौदामिनीताई, चोक बोटभर ओढला आणि गणपती जागेवर बसला! आत ढकलला की पुन्हा नाच सुरू. सोलेनॉइडचा टक आवाजही येतो.

तेलकट हात | ७ जून, रात्री ९.१५

वा. निम्मं काम झालं. आता माह्या मनात टॅपेट हाय. तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल घट्ट असन तं गरम झाल्यावर थो लांबते आन सीटवर पुरा बसत नाई, कम्प्रेशन निसटते. थंडीत बेस, गरमीत लंगडी. लोकाईले वाटते टॅपेट खराब म्हंजे टिकटिक आवाज. ढिल्या टॅपेटची टिकटिक येते, घट्ट टॅपेट मुका राहते. आवाज नाई म्हनून कोनी पाहत नाई, आन थो व्हॉल चुपचाप जळते. गॅसवरच्या गाड्याईत हे जास्त पाह्यलं म्या. मळेवाले भाऊ, तुमच्या ओम्नीले गॅस किट असन तं तुम्ही बी पाहा.

सौदामिनी | ७ जून, रात्री ९.५०

टॅपेटचा मुद्दा रास्त आहे, पण मग चोकनं गाडी इतकी साफ का व्हावी? व्हॉल्व्ह गळत असेल तर पेट्रोल वाढवून फारसा फरक पडू नये. आणि तीनचा प्लग पांढरट, म्हणजे तिथंच मिश्रण पातळ. एका सिलिंडरपुरतं पातळ म्हणजे हवा त्याच्याच पोर्टपाशी शिरतेय. माझा संशय तीन नंबरच्या पोर्टजवळच्या इनटेक मॅनिफोल्ड गॅस्केटवर (सांध्यातल्या पॅकिंगवर), नाहीतर तिथं जवळच लागलेल्या एखाद्या व्हॅक्यूम नळीवर.

तेलकट हात | ७ जून, रात्री १०.०४

मॅडम, चोकचं तुमचं म्हननं खरं हाय. पन गेज लावून मोकळे व्हा ना, वाद काहाले?

कम्प्रेशन गेज यवतमाळात कोनत्याही बऱ्या गॅरेजात भेटते. गाडी गरम पाह्यजे, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची मेन वायर काढून अर्थ केलेली, ॲक्सिलरेटर पुरा दाबलेला, मंग सेल्फ. आकडा कमी-जास्त येऊ शकते, तिघाईत फरक किती थे पाहा. सुझुकीवाले किलोभर दाबापर्यंतचा फरक चालवून घेतात. तीन नंबर लय खाली आला तं प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आन परत मोजा. आकडा चढला तं रिंग, नाई चढला तं व्हॉल. शेजारशेजारचे दोन यकदम खाली असन तं हेड गॅस्केट. रिंग-पिस्टन मनापासून सांगायचं असन तं त्या मिस्त्रीनं हे मोजून सांगाले पाह्यजे होतं.

चांदा ४७ | ७ जून, रात्री १०.२०

उंदीर विसरलात सगळे. गाडी गोठ्याशेजारी, सोयाबीनच्या पोत्यांपाशी उभी असते ना आपल्याकडे? व्हॅक्यूमच्या नळ्या हातानं चाचपून पहा, नुसतं वरून पाहू नका. माझ्या चुलत्याच्या गाडीत ब्रेक बूस्टरची नळी खालच्या अंगानं कुरतडलेली होती, वरून अगदी नवी दिसायची.

वावरवाला | ९ जून, रात्री ९.१०

गेज मिळालं. गरम इंजिनवर तिन्ही सिलिंडर अर्ध्या किलोच्या फरकात. म्हणजे रिंगही नाही, व्हॉल्व्हही नाही, रिंग-पिस्टनचा खर्च टळला. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, मी तर आधीच सांगत होतो. (ते काहीच सांगत नव्हते.)

मग हवेचा शोध. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात असं इंटरनेटवर पाहिलं होतं, पण तापलेल्या सायलेन्सर मॅनिफोल्डपाशी ज्वलनशील फवारा मारायची हिंमत झाली नाही. साबणाचं पाणी सिरिंजमध्ये घेतलं, सुई काढून टाकली आणि इंजिन आयडलवर ठेवून इनटेक मॅनिफोल्डच्या सांध्यावर थेंब थेंब सोडत गेलो. एक नंबर, काही नाही. दोन नंबर, काही नाही. तीन नंबरच्या खालच्या बाजूला पाणी सोडलं तर फेस बाहेर न येता सुर्र करून आत ओढला गेला आणि क्षणभर इंजिनचा आवाजच बदलला, जड झाला. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. खाली हात घालून चाचपलं तर तिथला नट बोटानं फिरत होता. त्याच्या भोवती तेल आणि धुळीचा काळा लगदा साचलेला, त्यामुळे वरून दिसायचा नाहीच.

नट आवळला तर थरथर निम्म्यानं कमी झाली, पूर्ण गेली नाही. गॅस्केट कडक झालं असावं.

सौदामिनी | ९ जून, रात्री ९.३५

छान! आता तो एकच नट पिळत बसू नका. ॲल्युमिनियमच्या हेडमधला स्टड आहे, जोर लावला तर आटे निघून येतील आणि मग खरंच मोठं काम निघेल. गॅस्केट नवं टाका. जुन्याचा चिकटलेला भाग सपाट पात्यानं हलक्या हातानं खरवडा, ॲल्युमिनियमवर ओरखडा नको. मॅनिफोल्डवर स्टीलची पट्टी ठेवून उजेडात बघा, फट दिसली तर लेथवाल्याकडून सपाट करून घ्यावं लागेल. नट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळा. तिथून कूलंटची वाट असेल तर रेडिएटर आधी रिकामा करा, आणि हे सगळं थंड इंजिनवर.

तेलकट हात | ९ जून, रात्री ९.४८

मॅडम जिंकल्या. टॅपेटवाली पार्टी खाली बसली.

तरी बी भाऊ, कव्हर खोललंच कधी तं टॅपेटले गेज लावून घेजा.

वावरवाला | १३ जून, संध्याकाळी ७.००

गॅस्केट दारव्ह्यात मिळालं नाही, यवतमाळहून आणलं. शेजारच्या ट्रॅक्टर मिस्त्रीनं हाताखाली घेऊन बसवायला मदत केली. मॅनिफोल्ड सपाटच होतं. आता वायर काढली तर तिन्ही सिलिंडर सारखे ओरडतात. आयडलचा स्क्रू मागे घेऊन हजाराच्या जरा खाली आणला, तरी चौकात बंद पडत नाही. मिक्श्चरचा स्क्रू पाव फेरा बाहेर घेतल्यावर आणखी मऊ झाली, ते बहुतेक ई२० चं देणं. थोडी थरथर अजून आहे, पण तीन सिलिंडरची गाडी ती, तेवढी पहिल्यापासून असावी. इंजिनची फाउंडेशन रबरं पेरणी आटोपल्यावर बघतो.

परवा बियाणं आणलं हिच्यातूनच.

संत्र्याचा मळा | १३ जून, रात्री ८.१५

अभिनंदन. बाटलीचा निकाल सांगायचा राहिला. माझ्या पेट्रोलला थर नव्हता. टॅपेट तपासले, दोन एक्झॉस्ट घट्ट निघाले. ई२० ला तरी मी शिव्या देणारच.

नवी वाट | १४ जून, सकाळी ११.२०

ह्याच धाग्यावर विचारतो. माझी ऑल्टो २००९ ची, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली). आयडल वर-खाली होतं, एसी लावला की बंद पडते. स्कॅनर लावला तर कनेक्टच होत नाही म्हणतात. वायर काढायची चाचणी करू का?

सौदामिनी | १४ जून, दुपारी २.४०

इंजेक्शनच्या गाडीत वायर काढून जास्त वेळ चालवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तो तापतो. शिवाय तुमचं दुखणं एका सिलिंडरचं वाटत नाही.

स्कॅनरचं असं, की आपल्याकडे ओबीडी-२ ची (गाडीनं स्वतःचे दोष कोडमध्ये सांगायच्या पद्धतीची) सक्ती एप्रिल २०१३ पासून आहे. त्याआधीच्या गाड्यांना ब्लूटूथचं स्वस्त यंत्र लागेलच असं नाही, कंपनीचं जुनं स्कॅनर असलेलं गॅरेज शोधा. लागलंच तर पी०३०० म्हणजे इकडून तिकडून मिसफायर, पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर, पुढे तसंच. कोड सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. त्यासाठी पुन्हा वर लिहिलेली अदलाबदलच करायची. चेक इंजिनचा दिवा मिसिंगच्या वेळी लुकलुकत असेल तर गाडी ओढू नका.

आयडल वर-खाली आणि एसीला बंद, म्हणजे आधी थ्रॉटल बॉडी आणि आयडल एअर व्हॉल्व्ह काढून स्वच्छ करा. आपल्याकडच्या धुळीत आणि तेलाच्या वाफेत तिथं काळा थर बसतो आणि व्हॉल्व्ह अडकतो. त्यासाठी मिळतो तोच स्प्रे वापरा, इंजिन बंद आणि थंड असताना. पीसीव्हीची (इंजिनमधली वाफ परत आत नेणारी) नळी आणि एअर फिल्टरचं खोकं त्याच वेळी बघून घ्या. स्वच्छ केल्यावर पहिले काही किलोमीटर आयडल वेडंवाकडं वाटेल, कॉम्प्युटर ते परत शिकून घेतो. नळ्या काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कुठली कुठे होती ते नंतर आठवत नाही.